निरंजनच्या हातावरची बाई

जेल रोडला मोबाइलच्या काचा बदलतात
त्या दुकानावरचा लाकडी जिना चढून गेला निरंजन,
खिशात आईचं आधार कार्ड.
तिचा एकटीचा दुसरा फोटोच नव्हता घरात,
सगळ्यांत कुणाचा तरी खांदा, कुणाचं तरी बाळ.
साडेचार तास. साडेसहा हजार.
"भिया, हूबहू," म्हणाला तो टॅटूवाला पोरगा
आणि हाताला प्लॅस्टिक गुंडाळून घरी पाठवलं.

आईनं चष्मा लावला. काढला, पुसला, पुन्हा लावला.
म्हणाली, "कोण रे ही?
बिचारीला काही होतंय का?"

एक डोळा देवासकडे, दुसरा महूकडे.
नाक आमच्या वाण्याचं,
ज्याच्याशी आई सत्तावीस वर्षं तुरीच्या डाळीवरून भांडते.
आणि ओठांच्या वर सावली.
"शेडिंग असतं ते, ताई," निरंजन म्हणाला,
पण मिशी ती मिशीच.
मी हसले. आधी नाकातून, मग दाराला धरून.
तो रडकुंडीला आला तशी थांबले
आणि मोरीत जाऊन पुन्हा हसले.

रात्री समजूत काढायला त्याला सराफ्यात नेलं.
सोन्याची शटरं खाली, कढया चुलीवर.
भुट्ट्याचा कीस समोर वाफाळत असताना
त्याला हवी होती काळी कुल्फी,
ॲक्टिव्हेटेड चारकोलची, नव्या गाडीवरची, एकशे साठ रुपये.
अंगातलं सगळं विष ओढून घेते, असं पाटीवर.
विष कुठलं, ते लिहिलं नव्हतं.

आई म्हणाली, "आम्ही शेगडीतला कोळसा कुटून दात घासायचो
आणि थुंकायचो.
तुम्ही गिळता, वर पैसे देता."
तरी खाल्ली. चव विचाराल तर व्हॅनिला.
जिभा काळ्या, दातांच्या फटी काळ्या,
तिघं एकमेकांना दात दाखवत उभे.
त्या दिवसात पहिल्यांदा
आम्ही एका घरातले दिसलो.

मी सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीत बसते.
हीच भुकटी माझ्या पाठीमागच्या फळीवर असते, पांढऱ्या डब्यात.
निकालाच्या आठवड्यात डबा लवकर खाली होतो.
पाण्यात कालवायची, नळीनं सोडायची
ज्या पोरापोरींनी काहीतरी पिऊन टाकलं त्यांच्या पोटात.
कोळशाला निवड नसते.
विष आलं, ओढलं. गोळी आली, तीही ओढली.
आईनं निघताना बीपीची गोळी घेतली होती.
गाडीपाशी मी काही बोलले नाही,
घरी येऊन दोनदा तिच्या दंडाला पट्टा बांधला.

निरंजन गप्पच. मे महिना, तरी बाही मनगटापर्यंत.
तेव्हा आईनं स्वतःचा हात ट्यूबलाइटखाली धरला.
मनगटाच्या जरा वर हिरवट काहीतरी,
जन्मापासून समोर आहे, बघितलं कधीच नव्हतं.
"काय आहे हे, सांग."
"खुरपं?" तो म्हणाला. मी म्हणाले, "कंगवा."
"तुळस आहे.
गोंदणाऱ्या बाईला मध्येच शिंक आली.
एकावन्न वर्षं तुळस म्हणतेय,
आता मला दुसरं काही दिसतच नाही त्यात."

मग त्याची बाही तिनंच वर सारली,
पोरानं दिलेलं मलम बोटावर घेतलं
आणि त्या सुजलेल्या बाईच्या गालाला लावलं,
कपाळाला, वाण्याच्या नाकाला,
माहेरी आजारी आलेल्या बहिणीला लावावं तसं.
"राहू दे. दहा वर्षं थांब," म्हणाली,
"मीच जाईन हिच्यावर."

पंधरा दिवसांनी खपल्या पडल्या.
वाटलं होतं, त्यांच्याबरोबर निदान मिशी जाईल.
नाही गेली.